धुळीची नोंद रक्तात

पाऊस सरला, भात खळ्यावर आले, दिवाळीच्या पणत्या विझल्या, की डिचोली तालुक्यात पूर्वी आणखी एक हंगाम सुरू होत असे. पंचांगात त्याला स्थान नव्हते. पण पाळी, वेळगे, नावेली, आमोणे या गावांतील बायाबापड्यांना तो पंचांगाहून पक्का ठाऊक होता. खाणींवरून नदीकाठच्या धक्क्यांकडे खनिजाचे ट्रक धावू लागत आणि आठवडाभरात रस्त्याकडेच्या आंब्याफणसांची पाने मुळात हिरवी असतात याचा विसर पडे. वाळत घातलेले धोतर तांबडे, अंगणातील तुळस तांबडी, शाळेच्या बाकावर बोटाने नाव लिहावे इतका तांबडा थर! सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबविल्या. पुढे उत्पादनाची मर्यादा घालून त्या पुन्हा सुरू झाल्या. ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरले आणि १६ मार्च २०१८ पासून काम दुसऱ्यांदा बंद पडले. त्यानंतर लिलाव झाले, आणि २०२४ साली डिचोलीच्याच पट्ट्यापासून खाणकामाचा नवा अध्याय उघडला.

या साऱ्या काळात खाणींवर जे बोलले आणि लिहिले गेले त्यात राज्याचा महसूल होता, ट्रकमालकांची कर्जे होती, पोर्तुगीज अमदानीतील परवाने १९८७ च्या कायद्याने भाडेपट्टे कसे झाले याची कायदेशीर चिकित्सा होती, मुळगाव-शिरगावच्या तळ्यांचा आणि शेतांचा प्रश्न होता. हे सर्व विषय महत्त्वाचेच आहेत आणि त्यांवर आम्हीही वेळोवेळी लिहीत आलो आहोत. श्वासाचा विषय मात्र नेहमी शेवटच्या कलमात येतो. 'धूळ दबविण्यासाठी रस्त्यांवर पाणी शिंपडावे, ट्रकांवर ताडपत्री घालावी,' एवढे लिहिले की ते कलम संपते. आज आम्हांला त्या शेवटच्या कलमाविषयीच लिहावयाचे आहे. कारण गेल्या वीसेक वर्षांत जीवशास्त्राने हवेतील कणांविषयी जे शोधून काढले आहे ते पाहता पाणी शिंपडण्याने हा हिशेब मिटणारा नाही.

धुळीच्या रोगांविषयी आपली जुनी कल्पना साधी आहे. धूळ फुप्फुसात जाते, तेथे साठते, कालांतराने फुप्फुस निबर होते आणि क्ष-किरणांच्या फोटोत ते दिसते. खडक फोडणाऱ्या मजुराला सिलिकोसिस होतो तो असाच. ही कल्पना चुकीची नाही. पण तिच्यामुळे एक गैरसमज रूढ झाला आहे, तो असा की फोटो स्वच्छ आला म्हणजे माणूस सुटला. खाणीत कधीही न गेलेल्या, फक्त रस्त्याकडेच्या घराच्या सोप्यावर खेळणाऱ्या मुलाचा फोटो बहुधा स्वच्छच येईल. त्या मुलाच्या रक्तातील पांढऱ्या पेशी काय सांगतात, हा प्रश्न मात्र त्या फोटोला विचारता येत नाही.

तो प्रश्न समजून घेण्यासाठी पेशवे दप्तराची आठवण करावी. त्या दप्तरातील कागदांचे गठ्ठे कापडात बांधून ठेवीत आणि अशा गठ्ठ्याला 'रुमाल' म्हणत. कागद हजारो; पण कारकुनाच्या हाती एका वेळी जो रुमाल सोडलेला असेल तेवढाच वाचला जाई. बांधलेल्या रुमालातील कागद नष्ट झालेला नसतो, त्यातले अक्षरही बदललेले नसते. तो वाचला जात नाही, इतकेच. आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीची अवस्था हीच आहे. सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनएचा धागा, त्यावर वीस हजारांच्या घरात जनुके, आणि हे सारे दप्तर डोळ्याच्या पेशीत जे तेच यकृताच्या पेशीत, तेच रक्तातील पांढऱ्या पेशीत. तरीही डोळा पाहतो आणि पांढरी पेशी जंतूंशी झुंजते, कारण प्रत्येक ठिकाणी सोडलेले रुमाल वेगळे आणि बांधलेले वेगळे. धागा ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांना हिस्टोन म्हणतात. त्या हिस्टोनांवर आणि खुद्द धाग्यावर लहान लहान रासायनिक खुणा चढतात-उतरतात. मिथाइल नावाची खूण जनुकाच्या तोंडाशी बसली की बहुधा तो रुमाल बांधला जातो. ती निघाली की सुटतो. या कारभाराच्या अभ्यासाला एपिजेनेटिक्स म्हणतात. मराठीत अधिजनुकशास्त्र म्हणता येईल. हा विचार १९४२ साली कॉनरॅड वॉडिंग्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने मांडला. त्याचे बालपणीचे पहिले काही दिवस दक्षिण हिंदुस्थानातील चहाच्या मळ्यात गेले होते, ही जाता जाता सांगण्याजोगी गोष्ट.

रोगप्रतिकारक पेशींत हा कारभार विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण त्यांना आयुष्यभर निर्णय घ्यावे लागतात. नाकातोंडावाटे येणारी प्रत्येक वस्तू शत्रू समजून लढायचे म्हटले तर शरीर स्वतःलाच जाळून घेईल. कोणालाच शत्रू मानायचे नाही म्हटले तर साध्या जंतूपुढे ते आडवे होईल. कोठे लढावे, किती लढावे आणि केव्हा थांबावे याचे आदेश या रुमालांच्या बांधण्या-सोडण्यात असतात. आणि या विषयावर जगाने दखल घ्यावी असे काम आपल्या शेजारी पुण्यात झाले आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. डॉ. संजीव गलांडे यांनी प्रथम राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात आणि पुढे आयसर या संस्थेत 'सॅटबी-१' या प्रथिनाचा अभ्यास केला. हे प्रथिन टी पेशींच्या केंद्रकात राहून दूरदूरचे जनुकांचे गठ्ठे एकत्र ओढते आणि कोणते उघडायचे, कोणते मिटायचे हे ठरविण्यात भाग घेते. दप्तराच्याच भाषेत सांगायचे तर तो मुख्य कारकून होय. नवख्या टी पेशीने पुढे कोणते काम पत्करावे हे ठरण्यात या कारकुनाचा हात कसा असतो, हे त्यांच्या गटाने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखविले. त्याच वर्षी त्यांना शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळाले. त्या संशोधनात ज्या 'टीएच-२' जातीच्या पेशींचा विचार आहे, त्याच पेशी जंतांशी लढतात आणि त्याच भलत्या वेळी चेकाळल्या की दमा व ॲलर्जी उद्भवते. पुण्याच्या प्रयोगशाळेतील हा विषय म्हणून साखळीच्या घरातील रात्रीच्या खोकल्यापासून वाटतो तितका दूर नाही.

आता धुळीकडे वळू. इटलीतील ब्रेशिया शहराजवळच्या पोलाद कारखान्यात ६३ कामगारांचे रक्त आठवड्याच्या पहिल्या दिवशी, कामावर जाण्यापूर्वी, घेण्यात आले आणि तीन दिवसांच्या कामानंतर पुन्हा घेण्यात आले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे आढळले की दाह वाढविण्याशी संबंधित असलेल्या एका जनुकावरील मिथाइलच्या खुणा तीनच दिवसांत कमी झाल्या होत्या. म्हणजे रुमाल सैल झाला होता. तीस वर्षांची नोकरी नव्हे, तीन दिवस! हे कामगार लोखंड वितळविणाऱ्या भट्टीपाशी उभे राहणारे होते. आमोणे-नावेलीतही लोखंडाच्या भट्ट्या आहेत, हे वाचकांस सांगावयास नकोच.

मुलांची गोष्ट याहून गंभीर आहे. कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो हे शेतीच्या सखल खोऱ्यातले शहर. तेथील हवा त्या देशातील सर्वांत दूषित हवांपैकी एक गणली जाते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉ. कॅरी नेदो यांनी फ्रेझ्नोतील मुलांची तुलना स्वच्छ हवेच्या पालो आल्टोतील मुलांशी केली. रक्तातील काही टी पेशींचे काम इतरांना आवरण्याचे असते. आपल्याकडे भांडणात मध्ये पडून 'पुरे आता' म्हणणारा एखादा वडीलधारा असतो, तसे. त्यांचा सारा अधिकार 'फॉक्सपी-३' नावाच्या एका जनुकावर चालतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दूषित हवेतील मुलांमध्ये नेमक्या याच जनुकावर मिथाइलच्या खुणा अधिक आढळल्या आणि आवरणाऱ्या पेशी दुबळ्या झालेल्या दिसल्या. दमा असलेल्या मुलांत हा दोष अधिक होता. पण दमा नसलेल्यांतही दूषित हवेचा ठसा होताच. वडीलधाऱ्याला दुसऱ्या खोलीत कोंडून ठेवले की घरातले भांडण कोणत्या थराला जाईल हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

येथे कोणी म्हणेल, आमचे आजेपणजे धुळीतच वाढले, त्यांना काय झाले? हा प्रश्न टिंगलीवारी नेण्याजोगा नाही, आणि त्याचे उत्तरही मोठे मनोवेधक आहे. अमेरिकेतील इंडियाना राज्यात आमिश नावाचा पंथ आहे आणि साउथ डकोटात हटेराइट नावाचा. दोघांचे मूळ मध्य युरोपातले, रक्त जवळजवळ सारखे, आहार आणि राहणीही बरीचशी सारखी. फरक एवढाच की आमिश लोक आजही घोड्यांनी नांगरतात आणि त्यांची मुले गोठ्याच्या शेजारी खेळतात. हटेराइटांची शेती मोठी, यांत्रिक आणि घरांपासून दूर. दम्याचे प्रमाण मात्र हटेराइट मुलांत आमिश मुलांच्या सुमारे चौपट. २०१६ साली दोन्हीकडच्या तीस-तीस मुलांचे रक्त तपासले तेव्हा त्यांच्या प्रतिकारक पेशींत कोणती जनुके चालू आहेत आणि कोणती मिटलेली, याचे चित्रच निराळे निघाले. आमिश घरांतील धूळ उंदरांना हुंगविली तर उंदरांनासुद्धा दम्यापासून संरक्षण मिळाले! तेव्हा आजोबांची साक्ष खरी आहे. गोठ्यातली धूळ, शेणाने सारवलेल्या अंगणातली धूळ, मळणीची धूळ ही जिवाणूंनी भरलेली असते आणि ती लहान मुलाच्या पेशींना संयम शिकविते. फोडलेल्या खनिजाची बारीक पूड आणि डिझेलचा धूर या धुळीच्या जातीचे नव्हेत. डिचोली तालुक्याचे दुर्दैव असे की गेल्या दोन पिढ्यांत पहिली धूळ कमी होत गेली, गोठे रिकामे झाले, आणि तिची जागा दुसरीने घेतली.

पेशींवरील खुणा नेहमी वाईटच असतात असे मात्र नाही. आपल्या मुलांच्या दंडावर जन्मताच जी बीसीजीची लस टोचतात ती क्षयाविरुद्ध. पण २०१२ साली नेदरलँड्समधील नायमेखन येथे मिहाई नेतेआ यांच्या गटाने दाखविले की ती टोचल्यावर रक्तातील मोनोसाइट पेशींच्या हिस्टोनांवर नव्या खुणा उमटतात, आणि या पेशी क्षयाशी संबंध नसलेल्या जंतूंपुढेही अधिक चपळ होतात. कोविडच्या काळात या शोधाच्या भरवशावर जगभर चाचण्या झाल्या. ऑस्ट्रेलियातून चालविलेल्या मोठ्या चाचणीचा २०२३ चा निष्कर्ष निराशाजनक निघाला आणि उत्साह ओसरला. शास्त्राचे काम असेच चालते. पण मूळ गोष्ट टिकून आहे: बाहेरून आलेल्या गोष्टीची आठवण या पेशी आपल्या दप्तरात ठेवतात.

ही आठवण म्हणजे आमच्या शास्त्रांनी सांगितलेले 'संस्कार'च, असे कोणी तरी लगेच म्हणेल. शब्द सुंदर आहे आणि मराठीत तो वापरायला हरकत नाही. परंतु पूर्वजांच्या नावे श्रेय लावून आपण मोकळे झालो, तर आज मुलांच्या रक्तावर कोणता संस्कार होत आहे हे तपासण्याचे काम तसेच राहते, आणि ते काम पूर्वज येऊन करणार नाहीत.

आता मुद्द्यावर येतो. खाणीच्या धुळीने साखळीच्या मुलांची जनुके बिघडविली असा आरोप आम्ही करीत नाही. ब्रेशियाचे पोलाद, फ्रेझ्नोचा धूर आणि डिचोलीचे खनिज यांचे कण एकसारखे नाहीत, आणि एका ठिकाणचा निष्कर्ष दुसऱ्या ठिकाणी चिकटविणे हा शास्त्राचा मार्ग नव्हे. परंतु जगात इतरत्र ज्या गोष्टीविषयी इतका सबळ संशय आहे तिची येथे तपासणी व्हायला हवी, एवढे म्हणण्याचा अधिकार येथील आईबापांना निश्चित आहे. त्यांनी तो यापूर्वी बजावलाही आहे. एप्रिल २०१७ मध्ये सत्तरीतील सोनशी गावच्या लोकांनी धुळीला कंटाळून खनिजाचे ट्रक अडविले. चाळीसहून अधिक ग्रामस्थांना अटक झाली, त्यांत बायाही होत्या, आणि कित्येक दिवस त्यांना कोठडीत काढावे लागले. त्यांची मागणी श्वास घेण्यापुरत्या हवेची होती.

त्यांच्या हाती तेव्हा पुरावा काय होता? तांबडी पाने आणि खोकणारी मुले. प्रशासनाच्या हाती हवेच्या मोजमापाचे तक्ते होते. आपल्या देशात २००९ पासून लागू असलेल्या मानकांनुसार दहा मायक्रॉनहून बारीक कणांची मर्यादा दिवसाला घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचविलेली ४५ आहे. तक्त्यात ९५ लिहिले की कायदा समाधानी होतो. पण तक्ता हवेचा असतो, मुलाचा नसतो. मुलाच्या रक्ताची नोंद ठेवणारा तक्ता आपल्याकडे कोणत्याच परवान्याच्या अटीत नाही, आणि आमच्या मते खरी उणीव हीच आहे.

आणि येथेच डिचोली तालुक्याला एक अशी संधी आहे की जी पैसे देऊनही मिळत नाही. शास्त्रज्ञांना धुळीत वाढलेली आणि धुळीविना वाढलेली मुले तुलनेसाठी हवी असतात, आणि ती एकाच गावातली, एकाच आहाराची, एकाच जातीपातीची सहसा सापडत नाहीत. फ्रेझ्नोसाठी पालो आल्टो शोधावे लागले. येथे न्यायालयाच्या एका निकालाने ती तुलना आपोआप उभी करून ठेवली आहे. २००५ ते २०१२ या काळात, निर्यात शिगेला पोहोचली असताना, साखळी-पाळीच्या पट्ट्यात जी मुले जन्मली ती ऐन बाळपणी धूळ घेत वाढली. मार्च २०१८ नंतर जी जन्मली त्यांनी आयुष्याची पहिली पाच-सहा वर्षे पुष्कळच स्वच्छ हवेत काढली. लिलावाच्या साठ्याची वाहतूक या काळातही अधूनमधून होत होती, हे खरे. पण जुन्या दिवसांशी तिची तुलना होत नाही. एकाच घरातला थोरला भाऊ आणि धाकटी बहीण, अशा जोड्या या तालुक्यात शेकड्यांनी मिळतील.

काम अवघड नाही. फुंकर मारून फुप्फुसाची ताकद मोजण्याचे यंत्र साध्या दवाखान्यातही असते. थोडे रक्त घेऊन उणे ८० अंशांवर साठविता येते आणि त्याची तपासणी सवडीने, वर्षा-दोन वर्षांनीही करता येते. १८४२ साली स्थापन झालेल्या वैद्यकीय शाळेची परंपरा सांगणारे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आपल्याकडे आहे, ताळगावला विद्यापीठ आहे, साखळीत सरकारी महाविद्यालय आहे, आणि या विषयातील जाणकार पुण्याला आहेत. पैशाची सबब तर सांगूच नये. खाणग्रस्त भागांसाठी जिल्हा खनिज निधी आहे आणि त्याच्या अग्रक्रमाच्या यादीत पर्यावरण आणि आरोग्य स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१४ च्या आदेशाने खनिजाच्या विक्रीतील दहा टक्के रक्कम भावी पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवावयाची आहे. भावी पिढी म्हणजे कोण, हे प्राथमिक शाळेच्या हजेरीपटावर पाहून कळेल. २०१९ साली मुख्यमंत्रिपदी आलेले डॉ. प्रमोद सावंत साखळीतून निवडून आलेले आणि शिक्षणाने आयुर्वेदाचे पदवीधर. या गोष्टीचे महत्त्व त्यांना समजावून सांगावे लागू नये.

दोन अटी मात्र असाव्यात. तपासणी खाण कंपनीच्या पैशाने झाली तरी तिच्या हाताने होऊ नये. आणि आईबापांची लेखी संमती घेऊन, मुलांची नावे गुप्त ठेवून, निष्कर्ष मात्र गावात मराठीतून जाहीर वाचून दाखवावेत. इंग्रजी अहवालाच्या परिशिष्टात पुरू नयेत. खाणचालकांनीही या मागणीला घाबरण्याचे कारण नाही. साखळीची जुनी खाण मिटवून तिच्यावर झाडे उभी केल्याचा अभिमान ते सांगतात, आणि तो सांगण्याजोगा आहेही. त्यांची धूळ निरुपद्रवी असेल तर ते सिद्ध करण्याचा याहून चांगला मार्ग कोणता?

निष्कर्ष वाईट निघाला तरी त्यावर उपाय उरतो. मिथाइलची खूण म्हणजे जनुकातील मोडतोड नव्हे. ती चढते तशी उतरू शकते. दक्षिण कॅलिफोर्नियात जवळजवळ दोन दशके शाळकरी मुलांच्या फुप्फुसांची वाढ मोजली गेली, आणि कायदे कडक करून हवा सुधारली तसतशी नंतरच्या तुकड्यांतील मुलांची फुप्फुसे अधिक चांगली वाढली, असे २०१५ साली जाहीर झाले. तेथे हे कळले, कारण हवा बदलण्यापूर्वीचे आकडे कोणी तरी लिहून ठेवले होते.

२०१८ नंतरची ती मुले आज साखळी, पाळी, नावेलीच्या प्राथमिक शाळांत बसलेली आहेत. पाऊस थांबला की वाहतूक वाढेल. रक्ताचे नमुने त्याआधी घेतले, तरच त्यांना 'धुळीआधीचे' म्हणता येईल. आणि त्यासाठी लागणारा आदेश पणजीहून एका दिवसात निघू शकतो.